लक्कम्मांचे जास्तीचे तांदूळ

भक्तहो, प्रातःस्नान करून आपण इष्टलिंग करतलावर घेता, त्यास जलाने स्नान घालता आणि पादोदक श्रद्धेने ग्रहण करता. हे जल कोठून आले, असा प्रश्न कधी मनात आला आहे काय? पेडणे व डिचोली तालुक्यांतील आपले भक्त म्हणतील, "नळातून." ते खोटे नाही. परंतु नळामागे तिळारीचा कालवा आहे, कालव्यामागे दोडामार्ग तालुक्यात महाराष्ट्र व गोवा यांनी मिळून बांधलेले धरण आहे, आणि धरणाच्याही वर सह्याद्रीच्या उतारावरील गावे, बागा, गोठे व न्हाणीघरे आहेत. ज्यांचे मुख आपण कधी पाहिले नाही, त्यांच्या अंगणावरून वाहत आलेले पाणी आपण लिंगावर घालतो.

तिळारीचे पाणी बिघडले आहे असे आमचे म्हणणे नाही. आम्हाला विषाविषयी नव्हे, अन्नाविषयी लिहावयाचे आहे.

नत्र आणि स्फुरद हे पिकाचे अन्न होय. खतात ते असते, शेणात असते, मलमूत्रात असते. धुण्याच्या कित्येक पावडरींतही स्फुरद असते. शेतात राहिले तर धान्य पिकते. पाण्यात उतरले तर शेवाळ माजते, ते मरून कुजते, कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून वर येतात. १९७३ साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी एका तळ्यात मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोहोंत नत्र व कर्ब घातले, स्फुरद मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला. नीलहरित शेवाळाच्या काही जाती तर विष सोडतात, आणि त्यांपैकी काही विषे पाणी उकळूनही जात नाहीत. अग्नीने सर्व शुद्ध होते ही आपली समजूत येथे उपयोगी पडत नाही.

गोव्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणून ही झळ तेथे उशिरा लागेल. कोरड्या मुलखात ती लागून चुकली आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांमधून त्याच जलाशयात येते, भोवतालच्या उसाच्या शेतांतील खताचा अंशही येतो. उन्हाळ्यात पाणी आटते, घाण मात्र आटत नाही. पाणी हिरवे पडते, वास मारते. सोलापूर शहर हेच पाणी शुद्ध करून पिते. शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी लोकांसाठी जेथे तळे खणले, ते हे सोन्नलगी!

आता पाप कोणाचे? कोणीच विष ओतलेले नाही. शेतकऱ्याने पिकाला खाऊ घातले, गृहिणीने लुगडी धुतली. हेतू शुद्ध आहे, आणि शरणांनी तर भावालाच प्रमाण मानले, मग दोष कसला? हा युक्तिवाद आम्हाला पुष्कळ दिवस पटत असे.

आयदक्की मारय्यांची कथा आपणांस ठाऊक आहे. बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचणे हे त्यांचे कायक, आणि त्यातूनच ते दासोह करीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. भाव शुद्धच होता; जंगमांच्या मुखीच ते जावयाचे होते. तरी लक्कम्मांनी ते स्वीकारले नाहीत. परत देऊन यावयास लावले. आम्ही या कथेवर निर्लोभतेचे प्रवचन करतो आणि थांबतो. लक्कम्मांनी तांदूळ शेजारणीच्या दारात ओतले नाहीत, जेथून आले तेथेच पाठविले, इकडे आमचे लक्ष जात नाही. मिरगाच्या तोंडावर कुळागरात मूठभर जास्त खत टाकणाऱ्याचे ते जास्तीचे तांदूळ पहिल्या सरीबरोबर दुसऱ्याच्या घागरीत पडतात.

शास्त्रज्ञ आणखी एक गोष्ट सांगतात. स्फुरद धरणाच्या तळाच्या गाळात साचून राहते आणि तळाशी प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात सुटते; वरून येणे बंद झाले तरी वर्षानुवर्षे सुटत राहते. शरणांनी पूर्वकर्माच्या बेड्या तोडल्या हे खरे. पण संचित म्हणजे काय हे आम्हाला संस्कृत ग्रंथांपेक्षा या गाळाने अधिक स्पष्ट शिकविले. फेडणारा मात्र येथे करणारा नसतो, पुढे जन्मणारा असतो.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हाला कितपत आहे, तेही सांगतो. आमच्या मठाच्या जत्रेत दासोहाच्या पंक्ती रात्रीपर्यंत उठतात. भांडी धुतल्याचे पाणी, खरकटे आणि गोठ्याचे वाहते पाणी कित्येक वर्षे मागच्या ओढ्यात जात होते. ओढ्याच्या डोहावर हिरवा थर येई. आम्ही त्यास उन्हाळ्याचा दोष समजत होतो. खालच्या वस्तीतील एक आजी प्रसादाला आल्या असता म्हणाल्या, "स्वामीजी, तुमचा प्रसाद आमच्या विहिरीत पण येतो." त्या हसत म्हणाल्या, म्हणून अधिक लागले.

तेव्हापासून खरकटे खतखड्ड्यात जाते, धुण्याचे पाणी केळीच्या आळ्यांत सोडतो, आणि पंक्तीत वाढणाऱ्यांना विचारून वाढावयास सांगितले आहे. केळी चांगल्या धरल्या आहेत. आजी मात्र पिण्याचे पाणी अजून वरच्या बोअरवरूनच नेतात.