शिवडीची एक फेरी

आपल्या घरांतून दफनभूमीची वाट चालली जाते ती बहुधा दोनच निमित्तांनी : कुणाला पोहोचवायला, नाहीतर २ नोव्हेंबरला मेणबत्ती लावायला. मुंबईतील शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आम्ही गेलो ते मात्र शुल्क भरून, गळ्यात कॅमेरे अडकवून, एका माहितगाराच्या मागोमाग. फाटकातून आत शिरताना थोडे ओशाळल्यासारखे झाले, हे कबूल केले पाहिजे.

माहितगार अभ्यासू होता. ही जागा मुळात एक वनस्पती-उद्यान. १८६५ च्या सुमारास आर्थर क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने ती मृतांच्या वाट्याला आली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स येथेच विसावले आहेत. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखले जाणारे स्थानक आणि त्यासमोरील महापालिकेची इमारत ही त्यांचीच निर्मिती. १९०० मध्ये याच शहरात हिवतापाने त्यांचा अंत झाला. २००४ मध्ये निवर्तलेले कवी डॉम मोराइस हेही इथलेच. त्यांच्या थडग्यावरची थोडी माती इंग्लंडमधील ऑडकोम गावी नेण्यात आली.

या दोन नावांच्या दरम्यान असंख्य क्रूस होते. त्यांच्यापुढून आम्ही झपझप निघालो.

अनोळखी मृतांपुढे उभे राहण्याचा अधिकार आपल्याला कशाने मिळतो? कुतूहलाने? कुतूहल हे काही पाप नव्हे. भंगलेल्या संगमरवराकडे शहराचे लक्ष जाते ते त्याच्याचमुळे. पण कुतूहलाला कीर्ती लागते. निनवेच्या तटाबाहेर फेकलेली प्रेते तोबीताने मातीआड केली, तेव्हा त्यांची थोरवी त्याने विचारली नाही. ती आपल्या माणसांची आहेत, एवढे त्याला पुरेसे होते.

शहरातील दाटीच्या धर्मग्रामांत काही काळाने तीच कबर दुसऱ्यासाठी उघडावी लागते. धनिकाची शिळा टिकते, गरिबाचा लाकडी क्रूस निघतो, म्हणून कित्येकांना ते सलते. शेजाऱ्याला जागा करून देण्यात आम्हांला तरी कमीपणा वाटत नाही. सलते ते हे, की जागेबरोबर नावही जाते; आणि नाव उच्चारणारे कुणी उरले नाही, तर पुढे कुठलाही माहितगार तिथे थांबणार नाही.

परतताना वाटेतच एक वृद्ध बाई एका बुटक्या क्रूसाशी वाकून मेणबत्ती पेटवीत होती. वाऱ्याने ती पुनःपुन्हा विझे. आमच्यातल्या एकाने हाताचा आडोसा धरला आणि हलकेच विचारले, "बाय, कोणाची?" तिने नाव सांगितले. माहितगाराने घड्याळाकडे पाहिले. आम्ही कॅमेरे बाजूला सारून ते नाव घेत मृतांसाठीची प्रार्थना म्हटली.