दुसऱ्याच्या श्रमाचे अन्न

आपल्या ताटात जी भाकर येते, ती पिकविण्यास ज्यांनी कष्ट केले त्यांचे आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असलो, तर वर्षातून एक दिवस गोडधोड वाढल्याने ते फिटते काय? हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नव्हे. तो आपल्या गावच्या चुलीपाशी दरवर्षी उभा राहतो.

श्रावणी अमावास्येस विदर्भ, मराठवाडा, खानदेश इत्यादी भागांत पोळा असतो. सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या बाजूस तोच सण आषाढात बेंदूर ह्या नावाने होतो. आदल्या सांजेस बैलाचे खांदे हळद व तूप लावून मळितात आणि त्यास उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. सणाच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. त्यास न्हाऊ घालितात, शिंगे रंगवितात, आणि पुरणपोळीचा घास आधी त्यास देऊन मग घरची माणसे जेवितात.

पोळ्यानंतर पाचव्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीस, ऋषिपंचमी येते. त्या दिवशी व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या श्रमाचे काही खात नाहीत. नांगरल्या शेतातले धान्य वर्ज्य. परसात हाताने लाविलेले अळू, माठ, सुरण, भोपळा, मक्याचे कणीस ह्यांची एकत्र भाजी करितात. कित्येक घरी तीत तेलही घालीत नाहीत. आणि पूर्वी तेलाचा घाणाही बैलच ओढीत असे.

एका सणात बैलास आपल्या आधी जेवू घालणे आहे, दुसऱ्यात त्याच्या कष्टाचे न खाणे आहे. दोहोंत कबुली एकच, ती ही की, आपले अन्न निव्वळ आपले नव्हे. ज्याचा त्या पूजेशी संबंध नाही त्यानेही ही कबुली हलकी लेखू नये. मोशेच्या नियमशास्त्रातही (अनुवाद २५:४) मळणीच्या बैलाचे तोंड बांधण्यास मनाई आहे. आणि पौलाने तोच नियम कष्ट करणाऱ्या माणसाच्या हक्कास लाविला.

परंतु कबुली म्हणजे फेड नव्हे. ऋषिपंचमीची भाजी बैलाविना होते, श्रमाविना होत नाही. बैल बाजूस सारिला की खुरपे कोणाच्या तरी हाती येते, आणि तो हात बहुधा घरच्या बाईचा असतो. ज्यात कोणाचाच घाम नाही असे अन्न शोधू गेल्यास उपाशीच राहावे लागेल. म्हणून हे ऋण टाळून फिटत नाही. चुकते करूनच फिटते.

कोणी म्हणेल, "एक दिवस तरी मान देतात, हे काय थोडे?" थोडे नव्हे. पण ज्याच्या खांद्यास आज तूप चोळिले, त्यासच उद्या खांदा आला असता जुंपिले, तर ते तूप वाया गेले.

आता पुष्कळ शिवारांत नांगर ट्रॅक्टर ओढितो, आणि कित्येक घरी मातीचेच बैल आणितात. म्हणून आपले देणे संपले काय? ट्रॅक्टरवरचा गडी, ऊस तोडणारे जोडपे, कांदा काढणारी बाई, ही आहेतच. त्यांची मजुरी ठरल्या दिवशी देणे, उन्हात त्यांस सावली व पाणी देणे, दुखण्यात त्यांस कामास न ओढणे, हाच बारमाही पोळा होय.

बंधुभगिनींनो, आज जेवावयास बसाल तेव्हा ज्याचे देणे राहिले आहे त्याचे नाव आठवा. आणि उद्या सूर्य चढण्यापूर्वी ते त्याच्या घरी पोहोचते करा.