वाट पाहणारा याईर

शास्त्रपाठ : मार्क ५:२१-४३

मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात जो आधी येतो त्यालाच आधी पाहतात असे नाही. रात्रीच्या पाळीचा डॉक्टर मोडलेला हात पाहत असतो, तोच सर्पदंशाचा रोगी येतो व पाठोपाठ छातीत कळ आलेला म्हातारा येतो. डॉक्टर प्रथम श्वास पाहतो, मग नाडी व रक्तस्राव. ज्याचा श्वास कोंडला तो शेवटी आला तरी पहिला. जो मोठ्याने ओरडतो तो बहुधा थांबू शकतो; जो निपचित पडला आहे त्याचीच धास्ती अधिक. नेपोलियन बादशहाच्या सैन्यातील लारे नामक शस्त्रवैद्याने हाच नियम पाळिला : हुद्दा न पाहता ज्याची जखम भारी त्याला आधी हात लावावा. आजही कित्येक इस्पितळांत त्याकरिता तांबडी, पिवळी व हिरवी अशा खुणा करितात.

ह्या नियमाने पाहता याईराची बारा वर्षांची कन्या पहिली ठरते, कारण ती मरणोन्मुख होती. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली ती स्त्री आणखी एक घटका थांबू शकली असती. तथापि प्रभू वाटेत थांबला, तिला शोधून पुढे बोलाविले, तिचे सर्व म्हणणे ऐकिले. आणि इतक्यात मुलगी मेल्याचा निरोप आला. त्या क्षणी याईराच्या मनाची काय अवस्था झाली असेल!

डॉक्टराला हात दोनच. एकाकडे वळला की दुसऱ्याकडे पाठ होते. त्यात त्याचा दोष नाही. परंतु आपल्या प्रभूपाशी अशी टंचाई नाही. त्या स्त्रीला जे मिळाले ते मुलीच्या वाट्यातून गेले नाही. विलंब झाला, पण विसर पडला नाही.

आपल्यापैकी कित्येकांनी आपले लेकरू मातीत ठेविले आहे, आणि ते त्या दिवशी उठले नाही. हे आम्ही झाकीत नाही. परंतु ज्याने त्या मुलीचा हात धरिला त्याच्या हाती आपली लेकरे आहेत, आणि तो पुनरुत्थानाच्या दिवशी त्यांस उठवील, अशी आपली आशा आहे.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांलाही हात दोनच आहेत. एकाच सांजेस वाड्यावरून व गावाबाहेरील झोपडीतून बोलावणे आले, तर मान पाहू नका, गरज पाहा; आणि मंडळीत जो काही दिवस गप्प झाला आहे, त्याच्या दारी आधी जा. जेथे पोहोचणे झाले नाही, ते घर नाव घेऊन प्रभूच्या हाती सोपवा. आमेन.