चौकटीबाहेरचा खंडाळा

माझी पुतणी धुके विकते. मी आपले चेष्टेने तसे म्हणतो. खंडाळ्याच्या एका हॉटेलासाठी ती मोबाइलवर चित्रफिती करते. शब्द तिचे, दृश्ये तिची, आवाजही तिचाच. लोक त्या हौसेने एकमेकांना धाडतात आणि हॉटेलाच्या खोल्या भरतात.

गेल्या पावसाळ्यात राजमाची पॉइंटवर मी तिचे काम पाहत उभा होतो. ढग विरले, पलीकडे श्रीवर्धन नि मनरंजन हे बालेकिल्ले क्षणभर दिसले. तिने नेमका तो क्षण टिपला. मोटारींची रांग, चिखल आणि तसल्याच चित्रासाठी कठड्यावर चढलेली पोरे चौकटीबाहेर राहिली.

“हे खोटे नव्हे का ग?”

“काका, यातला एक थेंबही मी पदरचा घातलेला नाही! आणि ‘जाहिरात’ असे वर लिहितेच की मी.”

तसा दंडक जाहिरातक्षेत्राच्या मानक परिषदेने २०२१ सालीच घातला आहे. मी निरुत्तर झालो. प्रवासवर्णनांचे मानधन घेताना धर्मशाळेतले ढेकूण मी तरी कुठे वर्णिले होते?

पण ढेकूण जीव घेत नाहीत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. पैसे घेतले, एवढे ती पाटी सांगते. काय वगळले, ते नाही.

हे मी बोललो मात्र, तिने त्या फितीत निसरड्या कठड्याविषयी दोन वाक्ये घातली. हॉटेलवाल्यांनी ती काढायला सांगितली आहेत. वाक्ये काढू की काम सोडू, असे तिने मला पत्राने विचारले आहे. तिच्या घराचे भाडे त्याच कामातून जाते. पत्र चार दिवस टेबलावर पडून आहे.