मस्तानी, ब्लास्ट आणि आपल्या थिअऱ्या

‘वन-पंच मॅन’ वाचणाऱ्यांना ब्लास्ट कोण हे सांगायला नको. न वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ‘वन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका जपानी चित्रकाराने 2009 मध्ये स्वतःच्या वेबपेजवर हा वेबकॉमिक सुरू केला. चित्रं ओबडधोबड, पण गोष्ट अफलातून. 2012 पासून युसुके मुराता तीच गोष्ट देखण्या चित्रांत नव्याने काढतोय. दोन्ही रूपं अजून चालू आहेत. या जगात हिरोंची यादी असते आणि सगळ्यात वरच्या वर्गात पहिल्या क्रमांकावर नाव असतं ब्लास्टचं. फक्त नाव. शहरं पडतात, माणसं मरतात, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे हिरो रक्तबंबाळ होतात आणि हा पहिला काही येत नाही.

मग वाचक काय करणार? थिअऱ्या. तो मेलाय. तो मुळात नाहीच, लोकांना धीर यावा म्हणून उभं केलेलं ते नुसतं नाव आहे. तोच खरा खलनायक आहे. तो सैतामाच आहे, दुसऱ्या काळातला. एका रिकाम्या जागेवर जगभरच्या पोरापोरींनी वर्षानुवर्षं डोकं चालवलं. मुराताच्या आवृत्तीत ब्लास्ट शेवटी समोर आला आणि कित्येक थिअऱ्या एका पॅनेलमध्ये कोसळल्या. ज्यांच्या कोसळल्या ते हसले, दोन दिवस चिडचिड केली आणि नव्या माहितीवर नवी थिअरी बांधायला बसले.

घरची मोठी माणसं याला वेळ घालवणं म्हणतात. मला तसं वाटत नाही. न दिसलेल्या माणसाबद्दल आपण कसा विचार करतो, हा प्रश्न कॉमिकपुरता राहत नाही. ज्याच्याबद्दल आपल्याला थोडंच ठाऊक आहे त्याची उरलेली गोष्ट आपण रचतो. रचल्याशिवाय राहवत नाही. मग ती रचण्याचा आपल्याला हक्क किती? आणि त्या माणसाचं आपण काही देणं लागतो का?

कॉमिकमध्ये उत्तर सोपं आहे, कारण तिथे थिअरीला दोन लगाम असतात. पहिला पुराव्याचा. चौथ्या चॅप्टरमध्ये मागे एक सावली दिसते म्हणून मी असं म्हणतो, असं सांगावं लागतं. नुसतं ‘मला वाटतं’ चालत नाही. दुसरा लगाम पुढच्या भागाचा. आज ना उद्या लेखक बोलणार आणि तो बोलला की आपण गप्प बसणार, हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं.

पुढचा भाग कधीच येणार नसेल तर? चार्ल्स डिकन्सची शेवटची कादंबरी ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ दरमहा हप्त्याने यायची. बारा हप्ते ठरले होते. सहा लिहून झाले आणि जून 1870 मध्ये डिकन्स गेला. गोष्टीत मध्येच डिक डॅचेरी नावाचा पांढऱ्या केसांचा एक अनोळखी माणूस गावात उतरतो. तो वेषांतर करून आलाय असं वाटत राहतं. तो कोण, यावर दीडशे वर्षं तर्क चालू आहेत. 1914 मध्ये लंडनच्या साहित्यिकांनी तर या कादंबरीतल्या संशयितावर लुटुपुटुचा खटलाच भरवला. चेस्टरटन न्यायाधीश, बर्नार्ड शॉ पंचांचा म्होरक्या. मजा झाली, निकालही लागला आणि कोणाचं काही बिघडलं नाही, कारण आरोपी शाईचा होता.

आता शिरूर तालुक्यात येऊ. इथे एक पात्र आहे जे शाईचं नव्हतं.

पाबळला मस्तानीची समाधी आहे. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं तिला इनाम होती असं सांगतात. तिच्याबद्दल नक्की असं आपल्याला काय माहीत आहे? 1729 मध्ये बाजीराव बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला धावून गेला, त्यानंतर ती त्याच्या आयुष्यात आली. शनिवारवाड्यात तिचा महाल होता. त्यांना मुलगा झाला, समशेर बहादूर. पेशव्यांच्या घरातल्यांना हे नातं मान्य नव्हतं आणि बाजीराव मोहिमेवर असताना तिला पुण्यात कैदेत ठेवलं गेलं. 28 एप्रिल 1740 ला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला. त्याच वर्षी तीही गेली. समशेर पुढे 1761 मध्ये पानिपतावर लढला आणि जखमांनी मेला. त्याच्या वंशजांनी बांद्याची नवाबी केली.

एवढंच. बाकी सगळ्या थिअऱ्या. ती छत्रसालाची मुलगी होती. नाही, दरबारातली नाचणारी होती. तिने विष घेतलं. नाही, अंगठीतला हिरा गिळला. नाही, सती गेली. नाही, धक्क्यानेच गेली. ती इतकी गोरी आणि नाजूक होती की पान खाल्लं तर रस गळ्यातून उतरताना दिसायचा. ही शेवटची थिअरी महाराष्ट्रात कोणी ऐकली नाही असं होणार नाही. ज्या बाईचं म्हणून दाखवलं जाणारं चित्र तरी तिचंच आहे का यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तिच्या गळ्याची कातडी किती पातळ होती हे मात्र आपल्याला पक्कं ठाऊक आहे! पुण्यात तिच्या नावाने आइस्क्रीम घातलेलं दूध मिळतं. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आली, 2015 मध्ये भन्साळींचा सिनेमा आला आणि त्यात काशीबाई-मस्तानी एकत्र नाचल्या म्हणून वादही झाला. वादात सगळे बोलले. तिचं स्वतःचं म्हणणं मात्र कुठेच नाही. तिचं मन उघड करणारी तिच्या हातची एक ओळही आपल्यापुढे नाही.

म्हणजे पहिला लगाम सैल, कारण पुरावा तोकडा. आणि दुसरा तुटलेलाच, कारण पुढचा भाग लिहिणारी बाई पाबळला मातीत आहे. दोन्ही लगाम सुटले की थिअरी कुठे धावते? मला दिसतं ते असं, की ती त्या माणसाकडे जातच नाही. ती आपल्याकडे वळते. ज्याला परजातीची, परधर्माची बाई घरात नको होती त्याने तिला नाचणारी केलं. ज्याला प्रेमकथा हवी होती त्याने तिला हिरा गिळायला लावला. ज्याला नुसतं रूप हवं होतं त्याने तिचा गळा काचेचा केला. प्रत्येक थिअरीत मस्तानी कमी आणि थिअरीवाला जास्त.

हे नेहमी वाईटाकडेच जातं असंही नाही. त्याच तालुक्यात, खुद्द शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, दुसरं एक थडगं आहे. कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं. तो 1809 मध्ये वारला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की आसपासचे लोक त्याला ‘सत्पुरुष’ म्हणत, सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर आणत, नवस बोलत आणि फेडत. परक्या फौजेतला, परक्या धर्माचा, परक्या भाषेचा माणूस. त्याच्याबद्दलही लोकांना काय फारसं ठाऊक असणार? पण त्याच्या रिकाम्या जागेत लोकांनी चांगुलपणा भरला.

एकाच तालुक्यात दोन परकी माणसं. एक कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी, तो सत्पुरुष झाला. दुसरी पेशव्याच्या मुलाची आई, ती दीर्घकाळ ‘नाटकशाळा’ राहिली. वॉलेस बिनधोक होता म्हणून असेल. त्याने कोणाच्या घरात, वारशात, पंगतीत जागा मागितली नव्हती. मस्तानीने मागितली, किंवा तिच्या नुसत्या असण्याने ती मागितल्यासारखी झाली. न दिसलेल्या माणसाबद्दल आपण चांगलं रचतो की वाईट, हे तो माणूस कसा होता यावर क्वचितच ठरतं. त्याच्या येण्याने आपलं काय हलणार आहे, यावर ते ठरतं.

यावर एक रास्त आक्षेप येईल. मेलेल्याला काय फरक पडतो? मस्तानीला आता कोण दुखावणार? मान्य. तिला नाही दुखत. पण साचा तिच्यावर घडतो आणि वापरला जातो जिवंत माणसांवर. ‘नाचणारीच असणार’ हे वाक्य 1740 मध्ये संपलेलं नाही.

दौंडचंच घ्या. हे जंक्शन आहे. पुण्याची, सोलापूरची आणि मनमाडची लाइन इथे मिळते. रोज अनोळखी माणसं उतरतात. कुरकुंभच्या एमआयडीसीत, तिकडे रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलेली कुठकुठची पोरं-पोरी खोल्या घेऊन राहतात. एकटी राहणारी मुलगी रात्रपाळीहून सकाळी परत येते. समोरच्या ओट्यावर तिच्याबद्दल तीन थिअऱ्या तयार असतात. तिचं आडनाव, तिची भाषा, तिला सोडायला आलेली बाइक, हे सगळे ‘पॅनेल’. आणि गंमत म्हणजे इथे पुढचा भाग लिहिणारी जिवंत आहे, समोरून चालत जातेय. तिला विचारत मात्र कोणी नाही. विचारलं तर थिअरी मोडेल.

ही गोष्ट ओट्यावरच थांबते असं नाही. 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा तेव्हा फोनवरून गावोगाव पसरलेल्या. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. जमावाला थिअरी आधीच मिळालेली होती, आता पात्रं मिळाली. पाचही जणांना ठेचून मारलं. ते कोण होते हे सांगायला ते पाचही जण तिथे हजर होते. त्यांचं ऐकायला कोणी थांबलं नाही.

ब्लास्टवरची थिअरी आणि राईनपाड्याची थिअरी यांच्यात एक सरळ रेघ आहे असं मी म्हणत नाही. मँगा वाचणारी पोरं जमाव होत नाहीत. उलट मला वाटतं, चांगल्या फॅनकडे जे आहे तेच त्या जमावाकडे नव्हतं. चांगला फॅन पुरावा मागतो. आपली थिअरी ही थिअरीच आहे हे तो विसरत नाही. पुढचा भाग आला की तो मान खाली घालतो. आणि मुख्य म्हणजे, त्याचं त्या पात्रावर प्रेम असतं. ब्लास्ट खलनायक निघावा असं म्हणणाऱ्यालासुद्धा ब्लास्ट यायला हवा असतो.

तरीही एक फरक उरतोच. ब्लास्टला लेखकाने कोडं म्हणूनच घडवलंय. तो उलगडावा हीच त्याच्या जन्माची अट. समोरच्या खोलीतली मुलगी कोडं म्हणून जन्माला आलेली नाही. तिच्या आयुष्यातली जी पानं आपल्याला दिसत नाहीत ती लेखकाने आपल्याला टांगून ठेवायला लपवलेली नाहीत. ती तिची आहेत, आणि ती आपल्याला न दाखवण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. पात्राचं गूढ आपल्यासाठी असतं, माणसाचं मौन त्याच्या स्वतःसाठी असतं. आपण फोनवर दिवसभर एकातून दुसऱ्याकडे स्क्रोल करत असतो, म्हणून हा फरक बोटाखालून निसटतो.

मग संशय घ्यायचाच नाही का? रात्री रिकाम्या स्टेशनवर एकट्या मुलीने मागून येणाऱ्या पावलांचा संशय घेऊ नये असं कोण म्हणेल? तिने घ्यावा. आईने पोराला अनोळखी माणसाबरोबर जाऊ देऊ नये. संशयाने आपण चार पावलं लांब होऊ शकतो, दार लावू शकतो, पोलिसांना फोन करू शकतो, त्या माणसाला ‘कुठून आलात?’ विचारू शकतो. हे सगळं केलं तरी त्या माणसाची गोष्ट उघडी राहते. निकाल दिला की ती बंद होते, मग तो निकाल दगडाने दिलेला असो की ओट्यावर एका वाक्यात. सावध राहण्याला पूर्ण माहिती लागत नाही. निकालाला लागते, आणि ती आपल्याकडे जवळजवळ कधीच नसते.

मस्तानीबद्दलही थिअरी करूच नये असं मी म्हणणार नाही. कल्पना केल्याशिवाय तिच्या कैदेतल्या दिवसांपर्यंत आपण पोचणारच नाही. नुसत्या तारखांनी कोणी जवळ येत नाही. फक्त त्या कल्पनेच्या शेवटी ‘कदाचित’ हवं. हा शब्द दुबळा वाटतो, पण तो दाराच्या फटीसारखा आहे, त्यातून समोरच्याला आत येता येतं. ब्लास्ट ज्या दिवशी आला त्या दिवशी ज्यांच्या थिअरीत ‘कदाचित’ होतं त्यांना त्याच्या येण्याचा आनंद झाला. बाकीच्यांना आपण चुकलो याचंच वाईट वाटलं आणि तो आला हे त्यांच्या लक्षातच यायचं राहिलं.