चरा पडलाय तो थरावर

आनेकल

चि. मुक्तास,


तुझं पत्र आणि घड्याळाचा फोटो मिळाला. ‘सफायर काचेवर चरा पडत नाही म्हणाले आणि पडला, म्हणजे मला फसवलं’ असं तू लिहितेस. रागावण्याआधी चरा नेमका कशावर पडलाय ते पाहू.

सफायर म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला नीलम. कठीणपणाच्या मोह्स मापनात तो 9 वर, हिऱ्याच्या खालोखाल. पण ही काच चकाकते फार. साध्या काचेचा एक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परतवतो, तर सफायरचा जवळपास 8. उन्हात डायल दिसेनासा होतो तो त्यामुळे. त्यावर उपाय म्हणून काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या पदार्थाचा थर चढवतात. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना मारतात आणि चकाकी मावळते. जर्मनीत झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये हे तंत्र काढलं. असा एक थर जेमतेम 100 नॅनोमीटर जाड, म्हणजे केसाच्या शेकडो पट पातळ.

आता तुझ्या घड्याळाचं. तू जिगणीला ग्रॅनाइटच्या कारखान्यात शिकायला होतीस. ग्रॅनाइटच्या धुळीत क्वार्ट्झ असतो, त्याचा कठीणपणा 7. थराचा 6 च्या आसपास. धूळ बसलेली काच ओढणीने खसाखसा पुसली की क्वार्ट्झ थराला ओरबाडतो, पण खालच्या सफायरला काही करू शकत नाही.

खात्री करून घे. घड्याळ दिव्याखाली तिरकं धर. थर शाबूत आहे तिथे निळसर-जांभळी झाक दिसेल. चऱ्याच्या जागी थर निघून काच उघडी पडलेली, म्हणून तिथे पांढरी रेघ चमकेल. मग त्या रेघेवरून नख फिरव. अडकलं नाही, तर बहुधा फक्त थर गेलाय. अडकलं, तर काचेलाच इजा झालीय.

टूथपेस्ट किंवा ब्रासो मात्र लावू नकोस. आपल्या घरात ती सवय एचएमटीच्या घड्याळांपासूनची. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बेंगळुरात ती घड्याळं बनू लागली. त्यांच्या ॲक्रिलिक काचा मऊ, घासल्या की नव्यासारख्या व्हायच्या. इथे घासलंस तर थर कुठे राहील, कुठे जाईल आणि काच डागाळल्यासारखी दिसेल.

उपाय तीन. पहिला, राहू द्यावं. वेळ वाचायला अडचण नसेल तर हाच उत्तम. दुसरा, जाणत्या घड्याळजीकडून बारीक डायमंड पेस्टने बाहेरचा थर पूर्ण काढून घ्यावा. चरे जातील, थोडी चकाकी परत येईल; आतल्या बाजूलाही थर असेल तर तो तसाच राहील. तिसरा, काच बदलावी. तेव्हा गॅस्केट नवीन घालून पाणी शिरत नाही ना याची चाचणी करून घे, आणि फक्त आतून थर असलेली काच मिळते का ते विचार. आतल्या थरापर्यंत धूळ पोचतच नाही.

यापुढे पुसण्याआधी धूळ फुंकून उडव. घड्याळ पाण्यात चालणारं असेल तर चावी घट्ट बसलीय ना ते बघून नळाखाली धर आणि मगच मऊ ओल्या कापडाने टिप.

तुला सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. काच सहजासहजी चरत नाही हे खरं, पण तिच्यावरचा थर चरतो हे सांगायचं राहिलं. पुढच्या वेळी कुठलंही घड्याळ घेताना थर कोणत्या बाजूला आहे ते आधी विचार. आणि दुसऱ्यांना घड्याळ सुचवशील तेव्हा त्यांनाही ही उरलेली अर्धी गोष्ट सांग.

प्रकृतीला जप. आईला नमस्कार सांग.

तुझा,
आप्पाकाका