चौशिंगा आणि मोहाची फुले

शिंगे असणाऱ्या जंगली प्राण्यांत ज्याच्या डोक्यावर निसर्गतःच चार शिंगे येतात असा प्राणी जगात एकच आहे, आणि तो आपल्या देशाचा रहिवासी आहे. त्याचे नाव चौशिंगा. भारताबाहेर तो केवळ नेपाळात, तोही थोडाच, आढळतो. मेळघाट, ताडोबा, नागझिरा या आपल्या राज्यातील जंगलांत त्याचा वास आहे. तरीही वाघ पाहावयास म्हणून ताडोब्यास जाऊन आलेल्या कुटुंबांतही चौशिंगा पाहिल्याचे सांगणारे क्वचितच भेटतात.

त्याला पुष्कळदा हरीण म्हटले जाते, ते बरोबर नाही. सांबर आणि चितळ ही हरणे होत. त्यांच्या नरांची फाटे फुटलेली शिंगे गळतात व पुन्हा उगवतात. चौशिंगा हा कुरंग, म्हणजे गाई-शेळ्यांच्या कुळातील. त्याची शिंगे गुळगुळीत, बिनफाट्यांची आणि जन्मभराची असतात. मागची जोडी कानांच्या मधोमध, ८ ते १२ सेंटिमीटर लांबीची; पुढची कपाळावर, २ ते ५ सेंटिमीटरची. ही पुढची जोडी उशिरा उगवते आणि दक्षिणेकडील कित्येक नरांत उगवतच नाही. मादीला शिंगे नसतात. उंची खांद्यापाशी सुमारे ६० सेंटिमीटर, वजन २० किलोच्या आसपास. एखाद्या शेळीएवढाच जीव म्हणा ना!

कुरंग म्हटले की उघड्या माळावर उधळणारा काळविटांचा कळप डोळ्यांसमोर येतो. चौशिंग्याची रीत याच्या अगदी उलट. पानगळीच्या जंगलात, उंच गवताच्या आडोशाने, पाणवठ्यापासून फार दूर न जाता, तो एकटा राहतो. फार तर दोघे-तिघे एकत्र दिसतात. कोवळी पाने, गळून पडलेली फुले आणि फळे हे त्याचे अन्न. डोळ्यांपुढील ग्रंथींचा स्राव झुडपांना घासून तो आपल्या खुणा मागे ठेवतो. धोक्याची चाहूल लागताच पळण्याऐवजी तो प्रथम निश्चल उभा राहतो, आणि त्याचा तपकिरी रंग सुकल्या गवतात मिसळून जातो. ठरलेल्या जागीच पुन्हा पुन्हा लेंड्या टाकण्याची त्याला सवय आहे. अभ्यासकांना त्याचा पत्ता लागतो तो बहुधा या ढिगांवरूनच.

गंमत अशी की, त्याचा सर्वांत जवळचा आप्त म्हणजे नीलगाय, विदर्भातील शेतकऱ्यांचा रोही. रोह्याला सारे ओळखतात, कारण तो उभे पीक फस्त करतो. चौशिंग्याने आपले काही बिघडवले नाही, म्हणून त्याची ओळखही नाही. इंग्रजी अमलात शिकाऱ्यांना मात्र तो ठाऊक होता. चार शिंगांची कवटी भिंतीवर मिरवावयास त्यांना हवी असे. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे, त्यामुळे त्याची शिकार हा गंभीर गुन्हा ठरतो.

येथे आम्हांस एक प्रश्न पडतो. जो प्राणी आपल्या उपयोगाचा नाही, उपद्रवाचाही नाही, आणि जो बहुतेकांना आयुष्यात कधी दिसणारही नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

गुरुकुलात आम्ही जे तत्त्वज्ञान शिकलो त्यात याचे एक उत्तर होते. पशू मानवाच्या उपयोगासाठी आहेत, आणि त्यांच्याशी क्रूरपणे वागू नये ते अशासाठी की, त्या क्रौर्याची सवय पुढे माणसांवर उलटते, असे संत थॉमस अक्वायनस यांचे प्रतिपादन आहे. पुढे कांटनेही बरेचसे असेच म्हटले. हे उत्तर बैलाला पराणी टोचणाऱ्या गाडीवानाला लागू पडते. चौशिंग्याच्या बाबतीत ते मुकाट होते, कारण त्याचा नाश करणाऱ्याच्या मनात क्रौर्य नसतेच. त्याला तो प्राणी दिसलेलाही नसतो.

कसा, ते पाहा. मोहाची फिकट फुले पहाटे गळून सुक्या पाचोळ्यात पडतात आणि त्यात ती वेचणे कठीण जाते. म्हणून हंगामापूर्वी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत मध्य भारतातील अनेक जंगलांत आहे. ती आग कधी झाडाखाली विझते, कधी रानभर पसरते आणि चौशिंग्याला दडवणारे गवत घेऊन जाते. आग लावणारी बाई क्रूर नव्हे. त्या फुलांवर तिच्या घरचे तेल-मीठ चालते. शहरातील उबदार खोलीत बसून तिला निसर्गप्रेमाचे धडे देणाऱ्यांचा आम्हांस, खरे सांगायचे तर, थोडा राग येतो.

थॉमस यांचेच दुसरे एक म्हणणे आम्हांस येथे अधिक वजनदार वाटते. देवाचे चांगुलपण कोणत्याही एका प्राण्यातून पुरते प्रकट होऊ शकत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव निर्माण केले. एकात जे उणे ते दुसऱ्यात भरून निघते. हे मान्य केले तर चौशिंग्याला आपल्या उपयोगाचा दाखला द्यावा लागत नाही. पण मग देणे कोणाच्या खात्यावर मांडावयाचे? ते एकट्या मोहफुले वेचणारीच्या माथी मारणे हा सरळ अन्याय होय. या प्राण्याच्या अस्तित्वाने जर सर्वांचेच जग अधिक पूर्ण होत असेल, तर त्याचा खर्चही सर्वांचा आहे. आणि ज्याच्याजवळ अधिक आहे, त्याचा अधिक.

हा खर्च काही अवाढव्य नाही. काही ठिकाणी हंगामात मोहाखाली जाळी बांधतात. फुले जाळीत पडतात, स्वच्छ राहतात, आणि पाचोळा जाळावा लागत नाही. मात्र जाळीला पैसे पडतात आणि काडेपेटीला जवळजवळ काहीच पडत नाही. मार्चच्या सुमारास फुले गळू लागतात. हिवाळ्यात जन्मलेली चौशिंग्याची पाडसे त्या वेळी अवघ्या काही महिन्यांची असतात.